उजव्या हाताची चार नखं

२ जानेवारीला सकाळी पावणेसात वाजता माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचं नख तुटलं. गॅस संपला होता. नव्या सिलिंडरच्या तोंडावर पांढरं प्लास्टिकचं टोपण असतं आणि त्याला बारीक नायलॉनची दोरी बांधलेली असते. दोरी ओढली की टोपण निघावं, अशी ती सोय. दोरी तुटून हातात आली, टोपण जागेवर राहिलं. चहाचं आधण अर्धं तापलेलं, शाळेची वेळ झालेली. मी टोपणाच्या कडेखाली बोटं घातली आणि जोर लावला. टोपण निघालं. नख मांसाच्या रेषेच्या आतून आडवं गेलं होतं.

आई ओट्याशी होती. तिने हळद आणली, बोट पाहिलं आणि म्हणाली, "नखच हाय नं बाबू, येते वापस."

येतं, यात वाद नाही. ते किती दिवसांनी येतं आणि तोवर माझ्या वाजवण्याचं काय होतं, हे कुणी विचारात घेत नाही, ही माझी तक्रार आहे. मी आदिलाबादला मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो आणि सत्तावीस वर्षं क्लासिकल गिटार वाजवतो. म्हणून आधी हिशेब मांडतो.

बोटाचं नख दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतं. महिन्याला तीन, फार तर साडेतीन मिलिमीटर. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात. मधल्या बोटाचं सर्वांत लवकर येतं, अंगठ्याचं आणि करंगळीचं सावकाश. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या नखाची वाढ पस्तीस वर्षं मोजली आणि १९८० मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. मी एकावन्न वर्षांचा आहे. आईच्या 'येते वापस'ला आता माझ्या विशी-तिशीपेक्षा जास्त दिवस लागतात, आणि पुढे आणखी लागतील.

आता या एका नखावर काय अवलंबून असतं ते सांगतो. क्लासिकल गिटार पिकने वाजवत नाहीत. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशी चार बोटं चार वेगळी कामं करतात. स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांवरून स्वरलिपीत त्यांना पी, आय, एम, ए असं लिहितात. अंगठा खालच्या सुरांच्या तीन तारा सांभाळतो, बाकीची तीन बोटं वरच्या सुरांच्या. तार आधी बोटाच्या मांसाला लागते, तिथून सरकत नखाच्या कडेवर येते आणि कडेवरून सुटते. एवढासा प्रवास, पण सूर गोल येणार की चिरका, भरीव की पोकळ, हे तिथेच ठरतं. नख बोटाच्या टोकाच्या वर एक ते दोन मिलिमीटर हवं. त्याहून लांब झालं तर ते तारेत रेंगाळतं. कडेला केसाएवढी खाच असली तरी तार तिथे अडखळते आणि सुराच्या आधी एक 'टक' ऐकू येतो. समोर बसलेल्या माणसाला तो ऐकू येईलच असं नाही. मला येतो, आणि एकदा आला की पुढचं सगळं वाजवणं मी त्या 'टक'ची वाट बघत करतो.

ट्रेमोलो नावाचा एक प्रकार आहे. अंगठा खाली एक सूर देतो आणि त्याच्या पाठोपाठ अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर इतक्या भरभर पडतात की सूर सलग वाहिल्यासारखा वाटतो. फ्रान्सिस्को तारेगा यांची 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा' ही रचना सगळी या एका प्रकारावर उभी आहे. त्यात तिन्ही नखांची लांबी आणि कडेचा उतार जुळलेला हवा. एक नख आखूड झालं की दर तिसरा सूर दबतो आणि वाहणारं पाणी लंगडायला लागतं. झेंडावंदनानंतर शाळेत मी हीच रचना वाजवणार होतो. नोव्हेंबरपासून रोज पहाटे तिच्यावर बसलो होतो.

तार तुटली असती तर मला कुणी समजावत बसलं नसतं. कार्यक्रमात तार तुटली की लोक हळहळतात, पुढच्या रांगेतला कुणीतरी उठून विचारतो, दुसरी आहे का. तारेला पर्याय शोधण्यासाठी माणसांनी कष्टही घेतले आहेत. १९४०च्या दशकापर्यंत गिटारच्या वरच्या तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळलं आणि तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या आणि आंद्रेस सेगोव्हियांनी त्या उचलून धरल्या. आज मी नागपूरहून तारांचं पाकीट मागवतो आणि दोनशे किलोमीटर पार करून ते माझ्या दारात येतं. अनामिकेचं नख कुठून मागवू?

घरात आणि शाळेत माझी नखं लोकांना दिसत नाहीत असं नाही. दिसतात, पण हत्यार म्हणून दिसतात. ज्याची नखं मोठी, नखाची कामं त्याची, असा एक नियम कुणी न सांगता लागू झालेला आहे. लाडवाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं की डबा माझ्याकडे येतो. सेलोटेपचं टोक सापडत नाही, मला द्या. पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या सुतळीची गाठ, चावीच्या कडीत नवी चावी, पुतणीच्या पाण्याच्या बाटलीवरचं किमतीचं स्टिकर, सगळं माझ्याकडे. जानेवारीत ओली तूर निघते. सोल्याच्या भाजीसाठी शेंगांची परात ओसरीत येते आणि वहिनी म्हणतात, "भाऊजी, तुमचे नखं हायेत नं, पटकन होते." तुरीच्या शेंगेची शीर नखाने उकलावी लागते. दोन मुठी सोले निघेपर्यंत नखाच्या कडेखाली हिरवा चिकट रस जातो, कड मऊ पडते, आणि दुसऱ्या दिवशी ती वाळली की तिचे पापुद्रे सुटतात.

मी काम टाळतो असं घरच्यांना वाटतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. दळण मी आणतो, पाणी मी भरतो, गाद्या उन्हात मी घालतो. झाकणांसाठी स्वयंपाकघरात खिळ्याला एक जुना चमचा टांगून ठेवला आहे. त्याच्या दांड्याने कोणतंही झाकण निघतं. चार वर्षं तो तिथे आहे. तो वापरणारा घरात मी एकटाच. आणि त्या दिवशी मीसुद्धा त्याच्याकडे हात नेला नाही.

करंगळीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. आमच्याकडे कितीतरी पुरुष उजव्या करंगळीचं नख वाढवतात. चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, बसमध्ये, कुठेही बघा. त्यांना कुणी काही विचारत नाही. गिटारला करंगळीचं नख लागत नाही, म्हणून मी ते कापतो. बाकीची चार ठेवतो, आणि मला मात्र रोज विचारतात. आम्ही ज्या पट्ट्यात राहतो तिथे हा प्रश्न तीन भाषांत येतो. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून काढून मुंबई राज्यात घातले. आमच्यासारखी मराठी घरं पैनगंगेच्या अलीकडे राहिली. आधी आंध्र, २०१४ पासून तेलंगणा. त्यामुळे किराणा दुकानात "गोळ्ळु एंदुकु पेंचारु सार?", सायकलच्या दुकानात "नाखून कायकू बढाये?", आणि गल्लीत "नखं काऊन वाढवले गुरुजी?" मी तिन्ही भाषांत उत्तर देतो. तर्जनी पुढे करून दाखवतो, तार कशी सरकते ते सांगतो. बहुतेक जण ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "मंग एकाच हाताचे काऊन?" डाव्या हाताची बोटं तार दाबतात, तिथे नख असलं तर तार नीट दाबलीच जात नाही, म्हणून ती नखं मी दर तीन दिवसांनी कापतो. हे सांगेपर्यंत त्यांचं सामान बांधून झालेलं असतं.

नख आणि वाद्य यांचं नातं आपल्याकडे अनोळखी नाही, म्हणून हे जास्त लागतं. सतारीच्या मिजराबला मराठीत आपण नखीच म्हणतो. तारेची ती छोटी नखी बोटात घातली की खऱ्या नखाचं काम भागतं. दक्षिणेतली वीणा कुणी नखांनी वाजवतात, कुणी तारेच्या नख्या घालून. उस्ताद अमजद अली खाँ सरोदची तार डाव्या हाताच्या नखाने दाबतात. सारंगीवाले तर नखाच्या मुळाशी असलेल्या भागाने तार अडवतात आणि त्यांच्या नखांवर घळी पडलेल्या असतात. हे सगळं ज्या देशात चालतं तिथे गिटारवाल्याचं नख ही विचित्र गोष्ट का वाटावी? "मग तुम्हीही नखी घाला" असं मला संगीत कळणारी माणसं सुचवतात. घालून पाहिली. नायलॉनच्या तारेवर धातू कर्कश वाजतो, आणि मांसावरून नखावर होणारा तो सरकता स्पर्श जातो. ज्या आवाजासाठी मी हे वाद्य धरलं तोच जातो.

नखाशिवाय वाजवणं हा मार्ग आहे, आणि मी त्याला कमी लेखत नाही. फर्नांदो सोर (१७७८–१८३९) नखं न ठेवता वाजवत. १८३०च्या आपल्या गिटारच्या पद्धतीत त्यांनी नखांच्या वादनावर कडक शब्दांत लिहिलं आणि अपवाद केला तो दियोनिसिओ आगुआदो यांचा. आगुआदो नखांनी वाजवत. दोघे पॅरिसमध्ये मित्र होते आणि सोरनी दोघांनी मिळून वाजवायची एक रचना लिहिली, तिचं नावच 'दोन मित्र'. तारेगांनी तर शेवटच्या वर्षांत नखं कापून टाकली. ट्रेमोलोची ती रचना करणाऱ्याने! त्यांचे शिष्य एमिलिओ पुजोल यांनी या पेचावर स्वतंत्र निबंध लिहिला. म्हणजे दोनशे वर्षं मोठमोठ्या वादकांना हा प्रश्न छळत आला आहे. नखं कापण्याचा निर्णय तारेगांनी स्वतः, विचार करून घेतला. माझा निर्णय सिलिंडरच्या टोपणाने घेतला, आणि हे मला सोसत नाही.

शाळेतली गोष्ट अवघड आहे आणि तिथे मी पूर्ण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांची नखं तपासतात. ते योग्यच आहे. नखाखालच्या मळातून पोटात जंत जातात, हे आम्हीच शिकवतो. मुलं हात पुढे करून रांगेत उभी असतात आणि तपासणाऱ्याच्या हाताला चार लांब नखं. एकदा मला बोलावून सांगण्यात आलं की शिक्षकाने उदाहरण घालून द्यावं. मी म्हणालो, मी ती जेवणाआधी, जेवणानंतर आणि खडू हाताळल्यावर मऊ ब्रशने घासतो, पाहा. पाहिली, आणि तरी म्हणाले, "पण दिसायला बरं दिसत नाही." दुसऱ्या दिवशी मी गिटार शाळेत नेली. सातवीच्या वर्गात एकच ओळ आधी बोटाच्या मांसाने वाजवली, मग नखाने. विचारलं, काय फरक वाटतो? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पहिल्यांदा वाजवलं तवा कोणी गोधडीतून बोलल्यासारखं वाटलं, सर." इतकं नेमकं वर्णन मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तेव्हापासून सातवी मला नखांबद्दल विचारत नाही. उलट खडू मोडला की त्यातलं कुणीतरी उठून उचलतं, मला गुळगुळीत फरशीवरून नखाने तुकडा टिपू देत नाहीत.

आईशी माझा वाद नाही, पण तिच्या नियमांमुळे माझं वेळापत्रक अवघड होतं. शनिवारी नखाला हत्यार लावायचं नाही. दिवेलागणीनंतर नाही. अमावास्येला नाही. नखाचा तुकडा घरात पडता कामा नये, भांडणं होतात. तिच्या लहानपणी न्हावी नऱ्हाणी घेऊन ओसरीवर यायचा आणि नखं अंगणातच पडायची. बल्ब नव्हते, कंदिलाच्या उजेडात धारेचं हत्यार धरणं धोक्याचंच होतं. मी हे समजतो आणि पाळतो. पण नखाची कड दिवसभर बिघडत असते आणि वाजवायला वेळ मिळतो तो रात्री. रात्री नऊला गिटार हातात घेतली आणि तर्जनी 'टक' बोलली, तर सकाळपर्यंत थांबायचं. कानस मी लावतच नाही, ती फार खरबरीत. मोटारींना रंग देणारे लोक वापरतात तो वॉटर पेपर लावतो, २००० नंबरचा. तो इथे रंगाच्या दुकानात मिळतो. दुकानदार विचारतो, गाडी कोणती? पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. त्याने कागद गुंडाळता गुंडाळता माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं की पाण्यात भिजवून, एकाच दिशेने फिरवा. तो बरोबर होता. या बाबतीत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला त्याचाच.

आणि कापूस. आदिलाबादची काळी जमीन कापसाची. बेल्याच्या वाटेवर आमची साडेतीन एकर आहे. वेचणीला माणसं कमी पडली की घरच्यांना जावं लागतं, आणि जावंच. पिकलेला कापूस कुणाच्या नखांसाठी थांबत नाही. उमललेल्या बोंडाच्या पाकळ्या वाळून टणक होतात, टोकं काट्यासारखी. कापूस ओढताना बोटं त्या टोकांच्या मधे शिरतात. दिवसभर रोजाने वेचणाऱ्या बायांच्या नखांच्या कडेची कातडी फाटलेली असते, बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात, आणि नखुर्डं झालं तरी दुसऱ्या दिवशी त्या शेतात असतात. त्यांच्यासमोर मी माझ्या नखाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. त्यांच्यातल्या एकीनेच गेल्या वर्षी माझा हात पाहिला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी ओझं उचला, वेचू नोका. ह्या नखाचं काम दुसरं हाय." मी तिला गिटारबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. बोट हे कामाचं साधन असतं आणि ते फाटलं की काय होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मी गठ्ठे उचलले.

इथल्या हवेचंही सांगायला हवं. जानेवारीत आमच्याकडे तेलंगणात इतरत्र पडत नाही अशी थंडी पडते, कोरडी आणि बोचरी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. नख केराटिनचं असतं आणि ते पाणी पितं. भिजलं की फुगून मऊ होतं, वाळलं की आकसतं. भिजणं-वाळणं असं दिवसातून दहा वेळा झालं की थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून भांडी घासताना मी हातमोजे घालतो आणि रात्री नखांना खोबरेल लावतो. बाजार समितीत कापसाच्या ढिगात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतात. हमीभावाला आठ टक्के ओलावा चालतो, बारापर्यंत भाव कापून घेतात, त्यापुढे गाडी परत. टक्क्या-टक्क्यावर शेतकरी भांडतो, कारण त्यावर त्याचं वर्ष असतं. ओलाव्याने वस्तू बिघडते हे या गावातल्या लहान मुलालाही कळतं. नखाला मोजे घातले तर मात्र हसतात.

तुटलेल्या नखावर उपाय आहेत, ते सगळे मी करून पाहिले आहेत. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब आणि टिश्यू पेपरचा तुकडा: चीर गेली असेल तर हे चालतं, फ्लॅमेंको वाजवणारे सर्रास करतात. हा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धात बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांच्या हाती तो आला आणि सगळ्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकला गेला. त्याचा एक धोका आमच्या गावाला विशेष लागू आहे. कापसाच्या तंतूंवर तो पडला की इतक्या वेगाने घट्ट होतो की उष्णता निर्माण होते, चटका बसतो, कधी धूरही निघतो. तीन वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत शेतातून आलो, बोटांना कापसाची तूस चिकटलेली होती, हात न धुता नखावर थेंब सोडला. मध्यमेच्या टोकाला फोड आला आणि पंधरा दिवस वाजवणं बंद झालं. कापूसपट्ट्यात कुणी नख चिकटवत असेल तर आधी हात स्वच्छ धुवा, कोरडे करा, आणि पुसायला कापसाचा बोळा घेऊ नका. हे मी कळकळीने सांगतो.

नख मुळातच गेलं असेल तर टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा. चेंडूची गोलाई नखासारखी असते. कात्रीने पट्टी कापायची, नखाच्या खालून चिकटवायची, कड घासून घ्यायची. पूर्वी हे चेंडू सेल्युलॉइडचे असत. सेल्युलॉइड ज्या नायट्रोसेल्युलोजपासून होतं ते कापसापासून बनतं, सरकीवर राहणाऱ्या आखूड तुसापासूनसुद्धा. ज्या पिकाने नख खरवडलं त्याच पिकातून खोटं नख यायचं. २०१४ पासून स्पर्धांचे चेंडू दुसऱ्या प्लास्टिकचे झाले. माझ्याकडे जुन्यांपैकी दोन शिल्लक होते. पण या वेळी नख मांसाच्या आत तुटलं होतं. पट्टी चिकटवायला आधारच नव्हता. वाट बघणं एवढंच हातात होतं.

या दिवसांत पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा झाली. दरवर्षीप्रमाणे गेलो. परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत भाट, किकरी वाजवत होते. तीन तारांचं ते वाद्य गजाने वाजतं. मी गर्दीतून पुढे जाऊन एका म्हाताऱ्या वादकाच्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्याने वाजवणं झाल्यावर गज पुसला, फडक्यात गुंडाळला, आणि मग पिशवीत ठेवला. पोरगं पाणी घेऊन आलं तर त्याने आधी पिशवी बाजूला सरकवली. आसपासच्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाद्याचा भाग होता, तो जपला. माझ्या वाद्याचा हा भाग माझ्या बोटाला चिकटलेला आहे, तो फडक्यात गुंडाळता येत नाही. त्याच हाताने जेवायचं असतं, खडू धरायचा असतो, बसची अडकलेली खिडकी वर करायची असते, कुणी हात पुढे केला तर मिळवायचा असतो.

झेंडावंदनाला मी तारेगा वाजवणार नाही. सोरची एक सोपी रचना काढली आहे, तिच्यात अनामिकेला काम कमी. जिथे ती लागते तिथे मध्यमेला पाठवायचं, म्हणून बोटांची नवी जुळणी करून ती पानावर पेन्सिलीने लिहिली. सत्तावीस वर्षांची सवय बोटं सहज सोडत नाहीत. पहाटे अनामिका आपली आपण उठते, तारेकडे जाते, आणि गोधडीतून बोलते.

शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर आहे. त्याचं लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर, म्हणजे नखाचा एक दिवस. रोज मधल्या सुट्टीत जाऊन मोजतो आणि वहीत लिहितो. सातवीतली ती मुलगी आकडा वाचायला मदत करते. मुख्य मापपट्टी आणि व्हर्नियरची रेघ कुठे जुळते ते तिला आता माझ्याआधी दिसतं. आज २४ जानेवारी, बाविसावा दिवस. वाढ २.१ मिलिमीटर. बोटाच्या टोकाच्या वर जेमतेम एक मिलिमीटर आलं आहे. तर्जनीच्या बाजूला कडेवर एक खाच आहे, अंगठा फिरवला की लागते. वॉटर पेपरचे चार-पाच हात मारले तर ती निघेल.

आज शनिवार आहे. आईला विचारलं, उद्या किती वाजता उठणार. म्हणाली, सहाला. कागदाचा तुकडा कापून, पाण्याची वाटी भरून अंगणातल्या कठड्यावर ठेवली आहे.